छोटे उद्योजक क्लाउडवर जायचं की नाही, हे कशावरून ठरवतात?

क्लाउडवर जाणं म्हणजे आपला हिशेब इंटरनेटवरून दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणं. माझ्या अनुभवात आधी विश्वास, मग पैसा. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यांचे हिशेब बघतो. एका मालकांनी मला सरळ विचारलं, "माझ्या पार्ट्यांची यादी आणि भाव दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर का ठेवू?" प्रश्न रास्तच आहे. पुढे एका पावसाळ्यात त्यांच्या ऑफिसात पाणी शिरलं, हार्ड डिस्क गेली. तीन वर्षांची उधारी आम्ही बिलबुकांवरून पुन्हा उतरवून काढली, रात्री जागून. मग तेच म्हणाले, "चालू करून टाका."

खर्चाचं म्हणाल तर सर्व्हर विकत घ्यावा लागत नाही, भाडं भरायचं. पण मंदीत माग बंद असले तरी ते भाडं चुकत नाही, ही धास्ती खरी आहे. इंटरनेटची अडचण मोबाईल डेटामुळे बरीच कमी झाली.

सरकारी नियमही ढकलतात. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्यांना व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतल्या बिलांसाठी ई-इनव्हॉइस (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन नोंदवलेलं बिल) सक्तीचं झालं, तेव्हा माझ्याकडच्या काहींनी सॉफ्टवेअरच बदललं.

आणि मुनीमजींना विसरू नका. मालक तयार असतात, पण शेजारी बसून मराठीत शिकवणारं कोणी नसलं की महिन्याभरात वही पुन्हा उघडते.