माया संस्कृतीच्या जडणघडणीत भूगोलाचा वाटा किती होता?

खूप मोठा, आणि त्यातही सगळ्यात आधी पाण्याचा. माया लोकांच्या मुलखातल्या, आजच्या मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाचा उत्तर भाग म्हणजे सपाट चुनखडीचा प्रदेश. पाऊस पडतो, पण लगेच खाली मुरतो. वरून वाहणारी नदी जवळपास नाहीच. जिथे चुनखडीचं छत कोसळून भूगर्भातलं पाणी उघडं पडलं, तिथे सेनोते नावाच्या नैसर्गिक विहिरी तयार झाल्या. चिचेन इत्झा हे माया शहर त्यांच्याच आधाराने वसलं. उश्मल या दुसऱ्या माया शहराच्या पुउक टेकड्यांत मात्र पाणी फार खोल. तिथल्या लोकांनी घराच्या अंगणातच खडकात बाटलीच्या आकाराचे हौद खोदले, आतून चुन्याचा गिलावा केला आणि साठवलेल्या पावसावर कोरडे महिने काढले. उश्मलच्या भिंतींवर पर्जन्यदेव चाकचे मुखवटे ओळीने दिसतात, ते उगाच नाही.

दक्षिणेकडच्या तिकाल शहरात तर फरसबंद चौकांना उतार देऊन पाणी तलावांत वळवलं होतं. मला हे त्यांच्या पिरॅमिडांपेक्षाही थोर वाटतं.

बाकी, तीच चुनखडी बांधकामाला कामी आली. ऑब्सिडियन (ज्वालामुखीतून तयार होणारी काच) आणि जेड (हिरवा मौल्यवान दगड) ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागातून यायचं, त्यातून व्यापार वाढला. पुढे इ.स. 800 ते 1000 दरम्यान वारंवार दुष्काळ पडले. दक्षिणेकडची शहरं ओस पडण्यामागे युद्धं आणि राजकीय भांडणं यांच्या जोडीला हेही मोठं कारण मानलं जातं.