सलूनमधल्या वस्तऱ्याने कापलं तर एचआयव्ही होतो का?

शक्यता अगदीच कमी, कारण एचआयव्ही शरीराबाहेर फार तग धरत नाही. खरी काळजी हिपॅटायटिस बी आणि सी या यकृताच्या आजारांची करा. बीचा विषाणू सुकलेल्या रक्तातही निदान 7 दिवस टिकतो, आणि संसर्गाला पुरेल एवढं रक्त डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून नवं पातं तुमच्यासमोरच पाकिटातून काढायला सांगा. त्यात संकोच कसला? दाढीनंतर सगळ्यांच्या गालांवरून फिरणारा तुरटीचा खडाही नकोच. घरातसुद्धा रेझर, टूथब्रश, नेलकटर ज्याचं त्याचं वेगळं हवं. बीवर लस आहे, सीवर नाही. वापरलेल्या पात्याने कापलंच, तर जखम साबण-पाण्याने धुवा आणि बीची लस झाली नसेल तर 24 तासांच्या आत डॉक्टरांना गाठा.