मुलांची नर्स म्हणून इंग्लंडला येण्याआधी: धुळ्याच्या ताईंना उत्तर

ताई, धुळ्यात बालरोग वॉर्डात सहा वर्षे काम केल्यानंतर इंग्लंडला यावे असे तुमच्या मनात आहे, आणि त्यासाठी तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत: नोंदणी मोठ्यांच्या शाखेत करावी की मुलांच्या, आणि इकडच्या वॉर्डात आपल्याला नव्याने काय शिकावे लागते. मी शहाद्याची आहे. नंदुरबार जिल्ह्यात आठ वर्षे नोकरी करून मी इकडे आले, त्यामुळे तुमची शंका मला अगदी जवळून ठाऊक आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलकडे मोठ्यांचे, मुलांचे, मानसिक आरोग्याचे आणि बौद्धिक अक्षमतेचे अशा चार शाखांत नर्सची नोंदणी होते, आणि संगणकावरची सीबीटी व प्रात्यक्षिकाची ओस्की या दोन्ही परीक्षा त्या त्या शाखेप्रमाणे वेगळ्या असतात. सीबीटी भारतात देता येते, ओस्की मात्र ब्रिटनमध्ये येऊनच द्यावी लागते. आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेत वाचन, श्रवण व संभाषण यांत ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. मोठ्यांच्या शाखेत जागा अधिक असतात म्हणून एजंट तिकडेच वळवतात. पण तुमची सहा वर्षे मुलांमध्ये गेली आहेत आणि मन तिथेच आहे, तर मुलांचीच शाखा घ्या. नोकरी लावून देण्यासाठी नर्सकडून पैसे घेणे इकडच्या भरतीच्या आचारसंहितेत बसत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता दुसरा प्रश्न, ज्यावर मला मनापासून लिहायचे आहे. सलाईन लावणे, वजनावरून औषधाचा डोस काढणे, श्वास मोजणे यांत आपण कुठेही कमी नाही. तोंडाने द्यायच्या औषधाची सिरिंज इकडे जांभळी असते आणि ती शिरेच्या नळीला बसतच नाही, अशा गोष्टी आठवड्याभरात अंगवळणी पडतात. मला वेळ लागला तो मुलाशी बोलायला.

धडगावकडची सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची मुले मी पुष्कळ पाहिली होती, म्हणून इकडे आफ्रिकी कुटुंबातला नऊ वर्षांचा मुलगा हाडांच्या दुखण्याने वॉर्डात आला तेव्हा हा आजार आपल्याला चांगला माहीत आहे, असे मला वाटले. मी खाटेशी उभी राहून त्याच्या आईला विचारू लागले: कधीपासून दुखते, ताप होता का, पाणी किती प्यायला. माझ्या मार्गदर्शक नर्सने काही न बोलता एक बुटके स्टूल पुढे ओढले, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसली आणि त्यालाच विचारले. त्याने वेदना दहापैकी आठ असल्याचे सांगितले, मागच्या वेळी डाव्या हाताची शीर सापडली नव्हती म्हणून उजवा हात पुढे केला, आणि सुई टोचण्याआधी बधिर करणारे मलम लावायची आठवणही त्यानेच करून दिली. ते मलम लावून साधारण तासभर थांबावे लागते, हेसुद्धा त्याला माहीत होते. थंडीपासून जपायचे, भरपूर पाणी प्यायचे, ३८ अंश ताप आला तर घरी वाट न पाहता दवाखान्यात यायचे, हे सर्व तो स्वतः म्हणून दाखवू शकत होता, कारण त्याला ते लहानपणापासून कोणीतरी शिकवले होते. हेच सर्व मीही आठ वर्षे शिकवले होते, पण आयांना. पोर कडेला बसून ऐकत असे आणि मी त्याच्याकडे एकदाही वळले नव्हते.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत हे अंतर आणखी मोठे आहे. सोळा वर्षांच्या मुलाची उपचाराला दिलेली संमती इकडे कायद्याने ग्राह्य असते, आणि त्याहून लहान मुलाला उपचाराचा अर्थ व परिणाम नीट समजत असतील तर त्याचीही संमती ग्राह्य धरता येते. १९८५ च्या गिलिक खटल्याच्या निकालापासून ही रीत रुजली. म्हणून चौदा वर्षांच्या मुलीशी थोडा वेळ आईवडिलांना बाहेर बसवून बोलतात, घर, शाळा, मित्रमैत्रिणी, व्यसन, मनातली उदासी यांविषयी विचारतात, आणि तिच्या जिवाला धोका असेल तर ही गोष्ट आपल्यापुरती ठेवता येणार नाही, असे आधीच सांगतात. अत्याचाराचा संशय आला तर कळवण्याचे कर्तव्य नर्सचे स्वतःचे असते. आपल्याकडे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यातही तेच आहे, पण आपण ते डॉक्टरांचे काम समजून बाजूला होतो.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून आश्रमशाळांत १० ते १९ वयोगटासाठी मी कितीतरी भाषणे दिली. रक्तक्षय, मासिक पाळी, दर आठवड्याची लोहाची निळी गोळी. मुली माना खाली घालून बसत, दारात वर्गशिक्षक उभे असत आणि मी रजिस्टरमध्ये ‘मार्गदर्शन केले’ असे लिहून निघत असे. एकदा हातपंपावर पाणी पिताना एका मुलीने मागून येऊन हळूच विचारले, ‘गोळी घेतली की शौचाला काळी होते, रक्त सडते का?’ वसतिगृहामागच्या गवतात निळ्या गोळ्या का सापडतात, ते मला त्या दिवशी कळले. लोहामुळे शौचाचा रंग काळा होतो आणि त्यात काही बिघडत नाही, हे एक वाक्य माझ्या भाषणात कधीच नव्हते. इकडे शिकवून झाल्यावर मुलालाच उलट सांगायला लावतात: दमेकरी मूल स्पेसरने, म्हणजे पंपाला जोडायच्या पोकळ नळीने, पंप घेऊन दाखवते, मधुमेही मूल स्वतः साखर तपासून आकडा वाचते, आणि नोंदीत मूल काय म्हणाले हे लिहिले जाते.

म्हणून व्हिसाची वाट पाहत बसण्यापेक्षा तयारी धुळ्यातच सुरू करा. साक्री-शिरपूरकडचे पोर खाटेवर आले की स्टूल ओढून बसा, आपले नाव सांगा, ‘काय दुखस रे भाऊ?’ असे त्यालाच विचारा आणि आईने उत्तर देण्याआधी थोडे थांबा. ओस्कीतही स्वतःची ओळख देऊन आणि मूल तेच आहे याची खातरी करूनच सुरुवात करावी लागते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून नोंदणीची पडताळणी व्हायला वेळ लागतो, तो अर्ज आधी करा, आणि अनुभवपत्रात बालरोग वॉर्डाचा काळ तारखांसह वेगळा लिहून घ्या.