ऑस्ट्रियात सेंद्रिय शेती खरंच इतकी पुढे आहे का? युरिया आणि तणनाशकाशिवाय तिथले शेतकरी कसं भागवतात?

आधी आकड्याबद्दल. ऑस्ट्रियाची पाव शेतजमीन सेंद्रिय आहे, असं वाचायला मिळतं. ते बरोबर आहे. साधारण 27 टक्के, म्हणजे 7 लाख हेक्टरांच्या जवळपास जमीन प्रमाणित सेंद्रिय आहे आणि युरोपीय संघात हा वाटा सर्वांत मोठा आहे. पण त्या जमिनीवर उगवतं काय, हे पाहिल्याशिवाय या आकड्यावरून काही ठरवू नका. त्यातला मोठा भाग गवताचा आहे. साल्झबुर्ग प्रांतात निम्म्याहून जास्त शेतजमीन सेंद्रिय आहे. तिथले बहुतेक शेतकरी आल्प्सच्या उतारावर थोड्या गाई पाळून डेअरीला दूध घालणारे. चढावरच्या कुरणात रासायनिक खत आधीही फारसं पडत नव्हतं, त्यामुळे त्यांना सोडावं लागलं ते थोडंच. 1995 मध्ये देश युरोपीय संघात गेला आणि सेंद्रियसाठी हेक्टरी अनुदान मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी एका मोठ्या सुपरमार्केट साखळीने ‘या! नाट्यूरलिश’ हा स्वतःचा सेंद्रिय ब्रँड काढला होता. अनुदान आणि खात्रीचा गिऱ्हाईक एकाच वेळी मिळाल्यावर डोंगरातला शेतकरी भराभर वळला.

माझ्या मते खरी परीक्षा आहे ती पूर्वेला, मार्खफेल्ड आणि बुर्गनलांडच्या सपाट धान्यपट्ट्यात. पाऊस वर्षाला 500-550 मिलिमीटर, म्हणजे जवळपास सोलापूरएवढा. फरक इतकाच की तो चार महिन्यांत न पडता वर्षभर विखरून पडतो. गोठे कमी, म्हणून शेणखतही कमी. तरीही बुर्गनलांडमध्ये सेंद्रियचा वाटा देशाच्या सरासरीपेक्षा बराच वर आहे. हे जमलं ते लसूणघासामुळे, म्हणजे ल्युसर्न या चाऱ्याच्या पिकामुळे.

लसूणघास दोन वर्षं शेतात ठेवतात. मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात, वर्षाला हेक्टरी 150 ते 300 किलोपर्यंत. पण इथे एक चूक हमखास होते. जनावरं नाहीत म्हणून कापलेला घास तिथेच पसरून ठेवला, तर तो कुजून नत्र पुन्हा जमिनीत येतो, आणि जमिनीत आयता नत्र असला की झाड हवेतून कमी घेतं. म्हणून जाणते शेतकरी घास शेताबाहेर काढतात. तो गोठेवाल्याला देऊन बदल्यात शेणखत घेतात, नाहीतर बायोगॅसला घालून स्लरी परत आणतात. घासाची मोडणी, म्हणजे तो कापून शेत पुढच्या पिकासाठी मोकळं करणं, हेही सांभाळून करावं लागतं. रुंद पास (वखराचं आडवं पातं) आठ-दहा सेंटिमीटर खोलीवरून चालवून प्रत्येक मूळ आडवं कापलं गेलं पाहिजे. एखादी पट्टी सुटली की घास गव्हात पुन्हा फुटतो. शिवाय घासाने खालची ओल ओढलेली असते, म्हणून कोरड्या वर्षी तिसऱ्या कापणीची वाट न पाहता ऑगस्टमध्येच मोडतात, म्हणजे ऑक्टोबरच्या गहू पेरणीपर्यंत थोडं पाणी मुरतं.

या बेवडावर, म्हणजे घासाने कस वाढवलेल्या जमिनीवर, पहिलं पीक गव्हाचं. रासायनिक शेतीत एकरी 22-24 क्विंटल निघतो तिथे सेंद्रियला 14-16 धरून चाला. ही घट भावातून आणि अनुदानातून भरून येते. अनुदान मूळ दराने हेक्टरी 200 युरोंच्या आसपास आहे आणि जोडीच्या अटी पाळल्या तर त्यावर आणखी मिळतं.

तणासाठी आपल्या कोळप्याचंच काम करणारं एक अवजार आहे, ‘श्ट्रीगल’. रुंद चौकटीला स्प्रिंगच्या बारीक लवचीक दातांच्या रांगा असतात आणि ते पिकासकट सगळ्या शेतावरून फिरवतात. वेळ चुकली की काम फुकट. तण अजून जमिनीखाली पांढऱ्या धाग्यासारखं असतानाच ते उपटलं जातं. दोन पानं आली की दात नुसते वरून घसरतात. म्हणून पेरणीनंतर चार-पाच दिवसांनी, पीक वर यायच्या आधी पहिली फेरी, खोली एक-दोन सेंटिमीटर. त्यासाठी बी तीन सेंटिमीटर खाली हवं, नाहीतर दात कोंबच मोडतात. पीक एक-दोन पानांवर असताना अवजार शेडमध्येच ठेवायचं, कारण त्या वेळी रोप मातीखाली गाडलं जातं. तिसरं पान आलं की पुढची फेरी, सुरुवातीला ट्रॅक्टर ताशी तीन किलोमीटरच्या आतबाहेर. दिवस कोरडा आणि दुपारी ऊन असलेला निवडतात, म्हणजे उपटलेलं तण संध्याकाळपर्यंत वाळतं. थोडी रोपं जातातच, म्हणून बियाणं दहा टक्के जास्त टाकतात.

आता जिथे अजून हात टेकावे लागतात ते पीक, बटाटा. लसूणघासाच्या बेवडावर बटाटा छान पोसेल असं वाटतं, पण त्याच जमिनीत वायरवर्म असतात. तारेसारखी कडक, पिवळसर अळी, बटाट्याला सुई टोचल्यासारखी भोकं पाडते. भोकाचा बटाटा दुकानदार घेत नाही. बाहेरून चांगला दिसणारा ढीग प्रतवारीत निम्मा बाद होऊ शकतो. अळी जमिनीत तीन ते पाच वर्षं राहते आणि तिला न हललेली, गवताळ जमीन आवडते. म्हणजे नत्रासाठी जे करावं लागतं तेच किडीला पोसतं. यावर खात्रीचं औषध नाही. घास मोडल्यावर मध्ये निदान दोन वर्षं धान्य, कापणीनंतर भर उन्हाळ्यात उथळ वखरणी करून अंडी आणि कोवळ्या अळ्या उन्हात वाळवणं, आणि साल घट्ट झाली की एक दिवसही न थांबता काढणी. एवढं करूनही नुकसान होतंच. साखरबीटला सोंड्या किड्याचा असाच त्रास आहे. 2018 मध्ये त्याने ऑस्ट्रियात हजारो हेक्टर बीट खाल्लं, त्यात रासायनिक शेतीही होती.

डोंगरातही सगळं सोपं नाही. युरोपीय नियमांप्रमाणे हवामान आणि जमिनीची स्थिती असेल तेव्हा गाई-शेळ्या-मेंढ्यांना चरायला सोडणं बंधनकारक आहे. ऑस्ट्रियात यात बरीच सूट दिली जात होती. युरोपीय आयोगाने त्यावर बोट ठेवल्यावर 2022 पासून चराईची अट कडक झाली. गोठा गावात आणि कुरण मोठ्या रस्त्यापलीकडे असेल, तर दिवसातून दोनदा चाळीस गाई रस्ता ओलांडून कशा न्यायच्या? अशांपैकी काहींनी सेंद्रिय सोडलं, आणि गेल्या काही वर्षांत सेंद्रिय शेतांची संख्या थोडी उतरली आहे. चरणं गाईचा हक्क आहे आणि गिऱ्हाईक त्याचेच जास्त पैसे देतो, म्हणून नियम मला योग्य वाटतो. पण शेतकऱ्याला जमिनींची अदलाबदल करून घेता येईल इतका वेळ द्यायला हवा होता.

शेवटचं, ज्यांना तिथल्या पद्धतीचा अभ्यास करायचाय त्यांच्यासाठी. रासायनिकमधून सेंद्रियमध्ये येताना हंगामी पिकांना पेरणीआधी दोन वर्षं आणि फळबाग-द्राक्षाला काढणीआधी तीन वर्षं नियम पाळावे लागतात. पहिल्या बारा महिन्यांतला माल साध्या भावानेच जातो, त्यानंतर ‘संक्रमण काळातला’ म्हणून विकता येतो. त्यामुळे धान्यपट्ट्यातला हिशेबी शेतकरी पहिल्याच दिवशी लसूणघास पेरतो. जिथे भाव मिळणार नाही ती दोन वर्षं घासात जातात, आणि पूर्ण सेंद्रिय भावाचा पहिला गहू तयार बेवडावर येतो.