अमेरिकेत १९७६ ची जीएमसी मोटरहोम (आत राहण्याची सोय असलेली सहा चाकांची गाडी) घेतली आहे. साडेसोळा इंची रिमचे टायर कुठेच मिळत नाहीत. काय करावं?

टायर शोधत बसू नका, रिम बदला. तुमच्या गाडीला मुळात ८.७५-१६.५ मापाचे टायर येत. ते माप बाजारातून जवळपास गेलंय आणि कुठे मिळालंच, तर माल जुना असण्याची शक्यता जास्त. या गाड्यांचे बरेच मालक १६ इंची रिम बसवून एलटी (हलक्या ट्रकचे) २२५/७५ आर १६, लोड रेंज ई (म्हणजे जास्त भार पेलणारे) हे टायर घालतात. ते कुठल्याही दुकानात मिळतात.

एक मात्र कळकळीने सांगतो: १६ चा टायर साडेसोळाच्या रिमवर कुणालाही चढवू देऊ नका. टायरची कड जिथे बसते तिथला रिमचा उतार दोन्हींत वेगळा असतो, १६ ला ५ अंश, साडेसोळाला १५. टायर चढतो, पण हवा भरताना कड तुटून स्फोट होतो. माणसं दगावली आहेत यात.

नवे घेताना टायरच्या बाजूवर छापलेला डीओटी क्रमांक बघा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. शेवटचे आकडे २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी उभ्या गाडीचं रबर आतून वाळतं. सहाही टायर एकदम बदला, आणि हवा किती भरायची ते सामानासकट गाडी वजनकाट्यावर नेऊनच ठरवा.