डॉलर स्टोअरसारखी दुकानं एवढी कशी पसरली, आणि आपल्याकडे फ्रँचायझी घ्यावी का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. अमेरिकेत डॉलर जनरल, डॉलर ट्री असल्या स्वस्त दुकानांची साखळी गावोगावी कशी पसरली, आणि सोलापुरात ‘कुठलीही वस्तू ९९’ची फ्रँचायझी घेतली तर चालेल का. पहिल्याचं उत्तर वाचून देतोय, दुसऱ्याचं हात पोळून घेऊन.

मधल्या मारुतीजवळ आमचं कटलरीचं दुकान. टिकल्या, कंगवे, पिना, बांगड्या, प्लास्टिकचे डबे-मग. जानेवारीत सिद्धेश्वरांची यात्रा आली की अण्णा, म्हणजे माझे वडील, होम मैदानावर गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, ‘हर माल’चा स्टॉल टाकायचे. मी शाळेत होतो तेव्हा पाच रुपये, मग दहा, वीस, शेवटी शेवटी तीस. माझं काम स्टुलावर उभं राहून ओरडायचं, “कुठलंबी घ्या, दहा रुपये!”

त्याच्या आधी महिनाभर अण्णा माल भरायला मुंबईला अब्दुल रेहमान स्ट्रीटला जायचे. तिथं ते वस्तूचं नावच काढायचे नाहीत. “दहाला विकायचंय, सहाच्या आत बसलं पाहिजे, काय आहे ते दाखवा.” व्यापारी गेल्या वर्षीचाच प्लास्टिकचा मग काढायचा, रंग तोच, कान तोच, फक्त अंग पातळ. अण्णा तो उजेडाकडे धरून आत बोट घालायचे. बाहेरून बोटाची सावली दिसली की तो खाली ठेवायचे. “हा पाडव्याच्या आत तडकतो. पुढच्या गड्ड्याला बाई तोच मग घेऊन येती आणि चार लोकांत काढती.”

सगळा धंदा या एवढ्यात आला. भाव बोर्डावर रंगवलेला असतो, तो हलवता येत नाही. म्हणून माप हलतं. प्लास्टिकचा मग पातळ होतो, टिकल्यांच्या पाकिटात बाराच्या आठ होतात, साबणाची वडी लहान होते. हे माप कोण ठरवतं, यावर पैसे कोण कमावणार ते ठरतं.

आता अमेरिका. ही कल्पना डॉलरवाल्यांची नव्हे. फ्रँक वूलवर्थ नावाच्या माणसानं १८७९ मध्ये पाच सेंटचं दुकान काढलं. न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाचं पहिलं दुकान बसलं, त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला काढलेलं चाललं. पुढं पाच आणि दहा सेंटची साखळीच झाली आणि १९१३ मध्ये त्यानं न्यूयॉर्कमध्ये त्या वेळची जगातली सगळ्यात उंच इमारत उभी केली. आमच्या अण्णांनी हे ऐकलं असतं तर म्हणाले असते, पिना विकून?

डॉलर जनरलचं मूळ केंटकीतल्या स्कॉट्सव्हिल या लहानशा गावातलं. जे. एल. टर्नर आणि त्यांचा मुलगा कॅल यांनी १९३९ मध्ये घाऊक व्यापार सुरू केला. मोठी दुकानं अधूनमधून ‘डॉलर डे’ लावायची. कॅलच्या मनात आलं, रोजच का नको? १९५५ मध्ये स्प्रिंगफील्ड, केंटकी इथं पहिलं डॉलर जनरल उघडलं, एक डॉलरच्या वर काहीही नाही. आज त्यांची वीस हजारांवर दुकानं आहेत, आणि चारातली तीन किंवा त्याहून जास्त वीस हजारांच्या आतल्या वस्तीच्या गावांत. म्हणजे आपल्या हिशेबानं शहरात नाही, बार्शी-पंढरपुरातही नाही, त्याहून लहान गावांत. जिथं वॉलमार्टला जायचं तर गाडी काढून अर्धा तास, तिथं हे हाकेच्या अंतरावर. दुकान साधारण सात हजार चौरस फुटांचं, पत्र्याच्या गोदामासारखं. भाडं कमी, सजावट नाही, माणसं दोन-तीन. आणि जवळजवळ ऐंशी टक्के विक्री रोज संपणाऱ्या मालाची: खाणं, साबण, कागद. ते संपतं, म्हणून माणूस परत येतो.

बहुतेक लेखांत ‘स्वस्त म्हणून चाललं’ एवढंच असतं. खरं तर वजनावर भाव काढला तर तिथला माल बऱ्याचदा मोठ्या दुकानापेक्षा महाग पडतो. पुडा लहान असतो, एवढंच. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे कामगार राहतात. पगार आठवड्याचा. तिथल्या किराणा दुकानात चहापत्तीच्या दहा रुपयांच्या पुड्या तोरणासारख्या टांगलेल्या असतात. पाव किलो घेतली तर स्वस्त पडते हे त्या बाईला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं. पण बुधवारी तिच्या हातात पाव किलोचे पैसे नसतात. महिन्याचं सामान एकदम भरणारं घर वेगळं, रोजचं रोज आणणारं घर वेगळं. डी-मार्टच्या ट्रॉल्या पहिल्या घरासाठी, डॉलर जनरल दुसऱ्या घरासाठी. डॉलर जनरलची ताकद अशी की वीस हजार दुकानांची ऑर्डर हातात असल्यावर ते कंपनीला सांगू शकतात, आम्हाला एवढ्याच मापाचा पुडा बनवून द्या. म्हणजे माल किती पातळ करायचा, हे तेच ठरवतात.

पण सगळं गोड नाही. माणसं कमी ठेवली की माल लावायला कोणी नसतं, वाटेत खोक्यांचे ढीग राहतात, बाहेर पडायची दारं अडतात. त्यावरून तिथल्या कामगार खात्याशी तडजोड करून डॉलर जनरलला २०२४ मध्ये १ कोटी २० लाख डॉलर दंड भरावा लागला. डॉलर ट्रीनं ३५ वर्षं एक डॉलरचा भाव धरून ठेवला, २०२१ मध्ये सव्वा डॉलर करावा लागला. आमचे पाचाचे दहा झाले तेव्हा दोन दिवस गिऱ्हाईक बोर्ड वाचून पुढं जायचं, ते आठवलं. याच डॉलर ट्रीनं २०१५ मध्ये फॅमिली डॉलर ही साखळी आठ अब्ज डॉलरच्या वर पैसे मोजून घेतली होती आणि २०२५ मध्ये ती एक अब्जाच्या आसपास विकून टाकली. कॅलिफोर्नियातल्या ‘९९ सेंट्स ओन्ली’नं तर २०२४ मध्ये सगळी ३७१ दुकानं बंद केली.

आता माझं. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीची फ्रँचायझी घेतली होती. नाव लिहीत नाही. डिपॉझिट दिलं, त्यांच्या रंगाचं फर्निचर त्यांच्याच माणसाकडून करून घेतलं. उद्घाटनाला पेढे, फुगे, सगळं. पहिला माल बरा आला. दुसऱ्या वेळी खोकी फोडली तर निम्म्यात सेल्फी स्टिक, इंग्रजीत ‘बेस्ट बॉस’ लिहिलेले कप, आणि चुंबकाची उघडझाप न होणारे पेन्सिल-बॉक्स. सोलापुरात ‘बेस्ट बॉस’ कोण कोणाला देणार वो? मला पाहिजे होते पोळ्यांचे डबे, चिमटे, गाळण्या. फोन केला तर उत्तर, “सर, असॉर्टमेंट सिस्टीमच ठरवते.” परत घ्यायची सोय नाही. खेळण्यांना जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, स्वस्त चिनी खेळणी आटली, आणि पोरं ज्या फळीपुढं थांबायची तीच रिकामी झाली. दीड वर्षात शटर ओढलं.

नंतर अण्णांच्या दुकानात बसून हिशेब केला तेव्हा उमगलं. त्या कंपनीचं खरं गिऱ्हाईक दुकानात येणारी बाई नव्हतीच, मी होतो. त्यांनी मला डिपॉझिट, फर्निचर आणि न खपणारी खोकी विकली. डॉलर जनरल स्वतःच्या गोदामातून स्वतःच्या दुकानांना माल पोचवतं. खोकं खपलं नाही तर तोटा त्यांचा, म्हणून काय पाठवायचं याचा ते विचार करतात. माझ्याकडं पाठवणाऱ्याला तो विचार करायची गरज नव्हती.

तेव्हा धंदा सोलापुरात चालेल का, तर चालेल. गड्ड्यात तो कधीचा चालतोच आहे. करायचाच असेल तर लहान जागा घ्या, माल स्वतः जाऊन भरा, निम्म्या फळ्या रोज लागणाऱ्या वस्तूंना ठेवा. कंपनीच्या माणसानं करार पुढं केला तर एवढंच विचारा: माल मी निवडणार का, आणि न खपलेला परत घेणार का? दोन्हीला ‘हो’ म्हणाला तर कागदावर लिहून घ्या. ‘सिस्टीम’ म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

माझ्या माळ्यावर अजून त्रेचाळीस सेल्फी स्टिक आहेत. दुकान टाकलंत तर सांगा, दहा रुपयाला एक देतो.