मॉरिशस पुढे गेला, रॉड्रिग्स मागे का?

प्रश्न : मॉरिशस एवढासा देश, तरी सुखवस्तू. मग त्याच देशातलं रॉड्रिग्स बेट गरीब का राहिलं? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : वर्गात विकासाचं अर्थशास्त्र शिकवताना मी मॉरिशसपासूनच सुरुवात करते. १९६१ च्या सुमारास अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांना या देशाबद्दल फारशी आशा नव्हती. सगळी भिस्त उसावर आणि लोकसंख्या झपाट्याने वाढणारी. १९७० मध्ये निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा निर्यात क्षेत्राचा कायदा आला, कपड्यांचे कारखाने उभे राहिले, युरोपने साखरेला चढा भाव दिला आणि चित्र पालटलं.

पण हे सारं मुख्य बेटावर. रॉड्रिग्स तिथून सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेला. सिमेंटची गोणीसुद्धा जहाजाने येते, म्हणजे भाड्याचा बोजा आलाच. त्यात पाण्याची टंचाई. तरुण मुलं कामासाठी मुख्य बेटाची वाट धरतात. २००२ पासून स्वतंत्र प्रादेशिक विधानसभा आहे, पण पैसा मुख्यतः मुख्य बेटावरच्या राजधानीहून, पोर्ट लुईहूनच येतो. हातात तिजोरी नसेल तर स्वायत्तता अर्धीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिथली एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते. ओहोटीला उथळ पाण्यात उतरून बायका लोखंडी सळईने ऑक्टोपस पकडतात. तो कमी मिळू लागला, तेव्हा २०१२ पासून दरवर्षी काही आठवडे ही पकड बंद ठेवायला सुरुवात झाली. आपल्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तसंच. फरक हा, की तिथे बंदीच्या काळात मच्छीमारांना रोजंदारीचं दुसरं काम देण्याची सोय केली गेली. कोकणातल्या खलाशांसाठीही हे व्हायलाच हवं.